‘वाचेल का, डॉक्टर?’ : आजारी नवजात शिंगराच्या जगण्याचा अंदाज कसा बांधतात

काल रात्री जन्मलेलं आणि तासाभरात लटपटत उभं राहिलेलं शिंगरू आज संध्याकाळी भिंतीशी आडवं पडलंय. कान गार. डोळे अर्धवट मिटलेले. घोडीची कास तट्ट फुगून दूध आपोआप ठिबकतंय, म्हणजे कित्येक तासांत तिला कुणी तोंड लावलेलं नाही. अशा शिंगराला गाडीत घालून दवाखान्यात आणलं, की रक्ताची नळी भरायच्या आधीच प्रश्न येतो, “वाचेल का?”

या प्रश्नामागे माया असते तसा हिशेबही असतो, आणि त्यात गैर काही नाही. आजारी नवजात शिंगरू सांभाळायचं म्हणजे चोवीस तास कुणीतरी त्याच्या उशाशी. दर एक-दोन तासांनी नळीने दूध, शिरेतून सलाईन, प्लाझ्मा, ऑक्सिजन, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर खालच्या बाजूचं फुप्फुस दबतं आणि अंगाला जखमा होतात. हे आठवडाभर चालू शकतं. जे जगणारच नाही त्याला आठवडाभर नळ्या लावून ठेवणं हा त्या जिवाचा छळ, आणि जगू शकणाऱ्यावरचे उपचार दुसऱ्या दिवशी थांबवणं ही घोडचूक. या दोहोंमधला निवाडा करायला काहीतरी आकडा हाताशी असावा म्हणून घोड्यांचे डॉक्टर गेली सुमारे चाळीस वर्षं खटपट करतायत. तो आकडा कुठून येतो, आणि त्यावर विश्वास टाकायचा तर किती, ते पाहू.

आधी हे समजून घ्यायला हवं की शिंगरू इतक्या झपाट्याने का खचतं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच तिच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं, म्हणजे अँटीबॉडी, वारेतून मिळतात. घोडीची वार वेगळ्या बांधणीची असते. तिच्यात आई आणि पिल्लाच्या रक्तामध्ये इतके पडदे असतात की अँटीबॉडी पलीकडे जाऊच शकत नाहीत. त्यामुळे शिंगरू जन्मतं ते जवळपास निःशस्त्र. त्याची सगळी शस्त्रं चिकात असतात. तो चीक पचवून टाकण्याऐवजी त्यातल्या अँटीबॉडी अख्ख्याच्या अख्ख्या रक्तात घेण्याची सोय शिंगराच्या आतड्यात असते, पण ती थोड्याच काळापुरती. पहिले सहा-आठ तास दार सताड उघडं, मग हळूहळू लोटलेलं, आणि चोवीस तासांनी जवळपास बंद. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो नुसतं दूध.

म्हणून रक्तातल्या आयजीजी या अँटीबॉडीचं प्रमाण मोजतात. डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक, ४०० च्या खाली असेल तर चीक पोचलाच नाही असं धरायचं. मधलं म्हणजे अर्धवट. कमी भरलं तर दुसऱ्या घोड्याचा प्लाझ्मा शिरेतून देतात.

दुसरी कमजोरी इंधनाची. प्रौढ घोडा दोन दिवस उपाशी राहिला तर कुरकुरेल. शिंगराच्या अंगावर चरबी नावालाच असते आणि यकृतातला साखरेचा साठा काही तासांचा. निरोगी शिंगरू पहिल्या दिवसांत तासाला पाच-सात वेळा कासेला लागतं आणि दिवसाला आपल्या वजनाच्या पाचवा ते चौथा हिस्सा एवढं दूध रिचवतं. तीन-चार तास पिणं थांबलं की साखर घसरते, साखर घसरली की ताकद जाते, आणि ताकद गेली की पिणं आणखीच थांबतं.

त्यामुळे पहिला अंदाज यंत्राशिवायच बांधला जातो. घोडे पाळणाऱ्यांत एक-दोन-तीनचा नियम चालतो: एका तासात उभं, दोन तासांत कासेला, तीन तासांत घोडीची वार पडलेली. थोडं मागेपुढे चालतं. पण तीन तास उलटूनही जे शिंगरू कास शोधत नाही, त्याच्या बाबतीत वाट पाहण्याची वेळ टळून गेलेली असते. माणसाच्या बाळांसाठी व्हर्जिनिया अपगार यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जी गुणपद्धत सुचवली, तिचंच घोड्यांसाठी बेतलेलं रूप जन्मल्यावर लगेच वापरतात: नाडी, श्वास, अंगातला ताठपणा, नाकात काडी घातल्यावर शिंकतंय का. पण ती जन्माच्या क्षणापुरती. शिंगरांना खरा धोका पुढच्या दोन-तीन दिवसांत असतो.

त्या धोक्याचं मुख्य नाव सेप्सिस. जंतू नाळेतून, आतड्यातून किंवा जन्माआधी सुजलेल्या वारेतून रक्तात शिरतात आणि शरीराची प्रतिक्रिया इतकी भडकते की जंतूंइतकंच नुकसान तीही करते. ई. कोलाय हा इथला नेहमीचा गुन्हेगार. नेमका जंतू कळायला रक्त वाढवून पाहावं लागतं, आणि त्या कल्चरचा निकाल यायला दोन दिवस किंवा जास्त. एवढ्यात शिंगराचा निकाल लागलेला असतो.

ही अडचण सोडवायला अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात ब्रूअर आणि कोटर्बा यांनी १९८८ साली सेप्सिस स्कोअर मांडला. पांढऱ्या पेशींची संख्या, त्यातल्या कच्च्या पेशी, साखर, आयजीजी, ताप, जुलाब, सुजलेले सांधे, डोळ्यातली लाली, घोडीला विण्याआधी स्राव होत होता का, शिंगरू दिवस भरायच्या आत आलं का, अशा गोष्टींना प्रत्येकी गुण द्यायचे आणि बेरीज ११ च्या वर गेली तर सेप्सिस धरून उपचार सुरू करायचे. कल्पना साधी आणि हुशार: एकेक खूण फसवू शकते, पण दहा-बारा खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या तर ऐकावं.

पुढे दुसऱ्या दवाखान्यांत हा स्कोअर वापरून पाहिला तेव्हा तो तितका पक्का निघाला नाही; सेप्सिस झालेली बरीच शिंगरं त्याच्या जाळीतून निसटली. यात मला नवल वाटत नाही. स्कोअर ज्या शिंगरांवर घडवला, त्यांच्या मापाचा तो अंगरखा असतो. दुसऱ्या भागातले जंतू वेगळे, दवाखान्यात येईपर्यंतचा उशीर वेगळा, घोड्यांच्या जाती वेगळ्या. शिवाय हा स्कोअर ‘सेप्सिस आहे का?’ याचं उत्तर देतो, ‘वाचेल का?’ याचं नाही. हे दोन प्रश्न जुळे भासतात, पण सेप्सिस झालेलं शिंगरू वाचू शकतं आणि सेप्सिस नसलेलं जाऊ शकतं.

जगण्याच्या प्रश्नाशी थेट भिडणाऱ्या चाचण्यांत सध्या सगळ्यात जास्त भाव आहे तो लॅक्टेटला. पेशींना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की त्या साखर अर्धवट जाळतात आणि लॅक्टेट उरतं. चुलीत हवा कमी पडली की धूर होतो, तसा हा पेशींचा धूर समजा. रक्तदाब पडला, हृदय थकलं, रक्त बोटांच्या टोकापर्यंत (इथे टापांपर्यंत म्हणू) पोचेनासं झालं, की लॅक्टेट चढतं. यकृताने ते साफ करायचं असतं. तेही आजारी असेल तर आणखी चढतं. साखर मोजायच्या यंत्रासारखं छोटं यंत्र, रक्ताचा थेंब, आणि क्षणात आकडा. तो जितका जास्त तितकी जगण्याची शक्यता कमी, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

पण इथे एक खोच आहे. निरोगी शिंगराचंही लॅक्टेट जन्मतः चढलेलं असतं, कारण जन्म घेणं हेच दमवणारं काम. लिटरला तीन ते पाच मिलिमोल हे जन्मानंतर लगेच चालून जातं. एक-दोन दिवसांत ते दोनच्या आसपास उतरायला हवं. म्हणजे एकच ‘साडेचार’ हा आकडा दोन तासांच्या शिंगरात निरोगीपणाचा आणि दोन दिवसांच्या शिंगरात धोक्याचा. वय न विचारता जो आकड्यावरून भविष्य सांगतो, त्याचं फार ऐकू नये.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आकडा कुठे चाललाय. आल्याबरोबर सात आणि सलाईन-औषधं सुरू झाल्यावर दुसऱ्या सकाळी तीन, हे शिंगरू मला आल्याबरोबर पाच आणि दुसऱ्या सकाळीही पाच असलेल्या शिंगरापेक्षा बरं वाटतं. पहिला आकडा सांगतो की खड्डा किती खोल आहे. दुसरा सांगतो की शिंगरू वर चढतंय की नाही.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा कचरा, हाही असाच फसवा आकडा. मोठ्या घोड्यात तो वाढला की मूत्रपिंड बिघडलं असं समजतात. नवजात शिंगरात मात्र तो पुष्कळदा वारेच्या दुखण्याची आठवण असतो: पोटात असताना वार नीट काम करत नव्हती, कचरा साठत गेला, आणि शिंगरू तो घेऊन जन्मलं. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर दोन दिवसांत आकडा उतरतो.

सुट्या आकड्यांची मोट बांधून जगण्याचा स्कोअर करण्याचे प्रयत्न २००० नंतर वाढले. २००६ साली सात दिवसांपर्यंतच्या शिंगरांसाठी एक सूत्र प्रसिद्ध झालं. त्यात वय, उभं राहता येतं का, चोखण्याची प्रतिक्रिया आहे का, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन आणि रक्तातल्या आम्लांचा एक हिशेब, एवढ्याच गोष्टी होत्या. मला यातली चोखण्याची चाचणी फार आवडते. प्रयोगशाळेच्या कागदांच्या मांडीला मांडी लावून ती बसलीय, आणि ती करायला लागतं काय, तर स्वच्छ बोट शिंगराच्या तोंडात घालायचं. जीभ वळून बोटाला घट्ट बिलगली तर मेंदू, स्नायू, साखर आणि रक्तपुरवठा या सगळ्यांनी एकदम हजेरी लावली.

२०१४ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने आणखी सुटसुटीत स्कोअर आला, शून्य ते सात गुणांचा, जास्त गुण म्हणजे जास्त आशा. त्यात पाहायच्या गोष्टी सहा: पाय-कान गार आहेत का, शिंगरू ३२० दिवसांच्या आत जन्मलंय का, शरीरात दोन किंवा अधिक ठिकाणी संसर्ग वा सूज आहे का, आयजीजी, साखर आणि पांढऱ्या पेशी. महागडं यंत्र एकही नाही. गार पाय म्हणजे शरीराने मेंदू-हृदय जगवण्यासाठी टोकांचा रक्तपुरवठा तोडलाय. लॅक्टेट जे सांगतं, तेच हाताला कळतं.

आता थोडं गणित, कारण सगळी मेख तिथेच आहे. समजा एखाद्या दवाखान्यात येणाऱ्या १०० आजारी शिंगरांपैकी ८० वाचतात आणि २० दगावतात. चाचणी चांगली आहे असं धरू: दगावणाऱ्यांपैकी ८० टक्के ती पकडते, आणि वाचणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर ‘वाचेल’ म्हणते. तर २० पैकी १६ पकडली गेली. ८० पैकी ८ ना विनाकारण ‘जाणार’ असा शिक्का बसला. एकूण शिक्के २४, आणि त्यातली ८ जगणारी होती. तिघांत एक!

दवाखाना सुधारला, १०० पैकी ९० वाचू लागली, तर याच चाचणीचं काय होतं? दगावणाऱ्या १० पैकी ८ पकडली, वाचणाऱ्या ९० पैकी ९ ना चुकीचा शिक्का. शिक्के १७, त्यात जगणारी ९. चाचणी तीच, पण आता तिचं ‘जाणार’ हे भाकीत निम्म्याहून जास्त वेळा खोटं. उपचार जितके चांगले, तितकी मरणाची भाकितं कमी भरवशाची. उलट बाजू मात्र दिलासा देणारी आहे. पहिल्या उदाहरणात चाचणीने ७६ शिंगरांना ‘वाचेल’ म्हटलं आणि त्यातली ७२ खरंच वाचली. म्हणून या स्कोअरचं ‘हो’ मी मनावर घेईन, ‘नाही’ ऐकून मात्र पुन्हा एकदा तपासायला सांगेन.

याहून अवघड गोष्ट आकड्यांच्या पोटात दडलेली आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. माणसाच्या दवाखान्यातल्या नोंदीत ‘मृत्यू’ म्हणजे बहुतेकदा रोगाने आलेला मृत्यू. शिंगरांच्या नोंदीत ‘दगावलं’ या रकान्यात दोन वेगळे जीव एकत्र असतात: उपचार चालू असताना गेलेलं, आणि खर्च परवडत नाही किंवा आशा नाही म्हणून इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप दिलेलं. आता एक डॉक्टर मनाशी ठरवतो की लॅक्टेट अमुकच्या वर गेलं की काही खरं नाही. तो मालकाला तसं सांगतो, मालक उपचार थांबवतो, शिंगरू जातं, नोंद होते. त्या नोंदींवरून कुणीतरी नवा स्कोअर घडवतं आणि त्यात दिसतं की लॅक्टेट अमुकच्या वर असलेली शिंगरं खरोखरच जगत नाहीत. भाकिताने आपला पुरावा स्वतःच तयार केला. काही संशोधक इंजेक्शन दिलेल्या शिंगरांना हिशेबाबाहेर ठेवतात, पण त्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण त्यातली बरीचशी खरंच जाणारी असतात. ती वगळली की चित्र उगाच गुलाबी होतं.

म्हणून स्कोअर हातात घेताना पहिला प्रश्न विचारावा: हा कुठल्या शिंगरांवरून बनला, आणि त्यांच्यापैकी किती रोगाने गेली आणि किती निर्णयाने?

डोळ्यांना जे भयंकर दिसतं ते आकड्यांत तितकं भयंकर नसतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘डमी’ शिंगरू. हे भिंती चाटतं, गोल गोल फिरतं, आईला ओळखत नाही, कधी झटके येतात, कधी विचित्र आवाज काढतं. ब्रिटनमधले घोड्यांचे डॉक्टर पीटर रॉसडेल यांनी या प्रकाराला ‘नवजात कुसमायोजन’ अशा अर्थाचं नाव दिलं. मालकाला वाटतं मेंदू कायमचा गेला. पण सोबत सेप्सिस नसेल आणि कुणी नेटाने दूध पाजत राहिलं, तर अशी दहापैकी आठच्या आसपास शिंगरं पूर्ण बरी होतात. कॅलिफोर्नियातले जॉन मॅडिगन यांनी तर अशा शिंगराच्या छातीभोवती दोरीचे वेढे देऊन वीसेक मिनिटं आवळून धरायची रीत रुळवली. त्यामागचा तर्क असा: पोटातल्या जिवाला झोपवून ठेवणारी द्रव्यं जन्मानंतरही रक्तात रेंगाळतात, आणि जन्मवाटेतल्या दाबाची नक्कल केली की शरीराला ‘आता जागं हो’ अशी खूण पटते. तो तर्क अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही. काही शिंगरं दोरी सोडताच उठून कास शोधू लागतात, एवढं मात्र डॉक्टरांनी पाहिलंय.

याच्या उलट, दिवस भरायच्या आत आलेलं शिंगरू पहिल्या दिवशी गोजिरवाणं दिसतं: रेशमी केस, फुगीर कपाळ, लोंबते मऊ कान. त्याची गंमत, खरं तर शोकांतिका, कॉर्टिसॉल या संप्रेरकात आहे. फुप्फुसं, आतडी, साखरेची यंत्रणा बाहेरच्या जगासाठी पक्की करण्याचा हुकूम शिंगराची मूत्रपिंडाजवळची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉलच्या रूपाने देते, आणि तो सुटतो जन्माआधीच्या अगदी शेवटच्या काही दिवसांत. घोडीचे दिवसही गाईसारखे नेमके नसतात. ३२० ते ३६५, सगळं धकतं. जी घोडी एरवी ३६० दिवसांनी विते, तिचं ३३० दिवसांचं शिंगरू कागदावर भरलेलं आणि आतून कच्चं असू शकतं. वारेला बरेच दिवस सूज असेल, तर पोटातल्या शिंगरावर ताण येऊन तो हुकूम लवकर सुटतो. त्यामुळे आजारी वारेतून महिनाभर आधी आलेलं शिंगरू कधी कधी तग धरतं, आणि घाईने कळा आणवून त्याच दिवशी बाहेर काढलेलं निरोगी शिंगरू धरत नाही.

आता ‘वाचणं’ म्हणजे काय, तेही पाहायला हवं. बहुतेक अभ्यासांत वाचलं म्हणजे दवाखान्यातून घरी गेलं, एवढंच. फ्लोरिडा विद्यापीठात १९८२ ते २००७ या काळात रक्तात जंतू सापडलेल्या ४२३ शिंगरांचा मागोवा घेतला गेला. त्यांतली वाचलेली थरोब्रेड या शर्यतीच्या जातीची शिंगरं मोठी होऊन आपल्याच आईच्या इतर पिल्लांइतक्याच शर्यतींत उतरली, पण त्यांनी कमी शर्यती जिंकल्या आणि कमी पैसे मिळवले.

आणि काही वेळा पुढचा अडथळा हाडांत असतो. पुढच्या पायाचा गुडघा आणि मागच्या पायाचा टाचेसारखा सांधा, या दोन्हींत विटांसारखी छोटी छोटी हाडं असतात. कच्च्या शिंगरात ती अजून कूर्चाच असतात, आणि त्यांच्यावर वजन पडलं की ती दबून कायमची वाकडी होतात. त्यामुळे असंही घडतं की शिंगराची साखर सुधारलीय, लॅक्टेट उतरलंय, बोट तोंडात घातलं तर ते जोरात चोखतंय, उठायला धडपडतंय, आणि मालकाच्या डोळ्यांत पाणी आलंय. तेवढ्यात एक्स-रे येतो. डॉक्टर तो उजेडात धरून पाहतात आणि म्हणतात, “शाबास. आता याला दोन आठवडे फार उभं राहू देऊ नका.”